पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी मार्गी लागताना

पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला सकाळच्या राउंडला डॉक्टर एक ठरलेला प्रश्न विचारतात : ‘वारा सरला का?’ पुष्कळ माणसं लाजतात आणि काहीतरी पुटपुटतात. नातेवाइकांनाही वाटतं, एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि हे विचारतात काय! प्रश्न योग्यच आहे. मात्र पाण्याचा पहिला घोट कधी द्यायचा, नाकातली नळी कधी काढायची, घरी कधी सोडायचं, हे सगळं वर्षानुवर्षं या एका उत्तरावर टांगून ठेवलं जायचं. गेल्या तीस वर्षांत त्यातलं बरंच बदललं. सगळ्या वॉर्डांपर्यंत मात्र तो बदल पोचलेला नाही. म्हणून रुग्णाने आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याने आतडं का थांबतं आणि पुन्हा कसं चालू होतं, हे समजून घेतलेलं बरं.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात आणि त्यांच्या मधोमध मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. हे जाळं मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1899 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले तरी आतड्यात एखादी वस्तू टेकली की तिच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. त्यामुळे आतला ऐवज पुढेच सरकतो. जेवण नसतानाही आतडं स्वस्थ नसतं. साधारण दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते, रिकाम्या घरातही रोज केर काढावा तशी. उपाशीपोटी होणारा गुडगुडाट बराचसा तिचाच.

‘पोटात काही नाहीच, तर तुंबणार काय?’ असं अनेकांना वाटतं. पण या नळीतून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव जातो. त्यात प्यायलेलं पाणी आणि अन्नातलं पाणी मिळून दोनेक लिटर. बाकीचं सगळं शरीराचंच : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा पाझर. यातलं बहुतेक लहान आतडं परत शोषून घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत लिटर-दीड लिटर पोचतं आणि शौचावाटे 100-200 मिलिलिटर बाहेर पडतं. शिवाय गिळलेली हवा असतेच. घाबरलेला, कण्हणारा, मळमळणारा माणूस ती नेहमीपेक्षा जास्तच गिळतो. म्हणजे नळी थांबली की रुग्ण कडक उपाशी असला तरी द्रव आणि हवा आत साठत राहतात. पोट फुगतं, मळमळतं आणि शेवटी उलटी होते.

आतडं थांबतं ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा ऑपरेशन टेबलावरचा. चीर दिली, पोटाच्या आतलं अस्तर उघडलं, आतडी हलवली, की वेदनेचे संदेश मणक्याकडे जातात आणि तिथून ‘थांब’ असा उलटा निरोप येतो. संकटात पचन मागे ठेवणारी जी यंत्रणा आहे, तिचंच हे काम. ऑपरेशन आटोपलं की हा जोर बराचसा ओसरतो.

दुसरा टप्पा तीन-चार तासांनी सुरू होतो आणि रुग्णाचे दिवस खातो तो हाच. आतड्याच्या स्नायूंच्या थरातच रक्षक पेशी मुक्कामाला असतात. आतडं हाताळलं गेलं की त्या चवताळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि स्नायूला ढिलं पाडणारी रसायनं सोडतात. स्नायूला बारीक सूज येते. गंमत अशी की, ज्या भागाला सर्जनचा हातही लागलेला नाही तोही मज्जातंतूंच्या मार्फत थंडावतो. हाताळण्याचा हा दोष शंभर वर्षांपूर्वीच दिसला होता. अमेरिकेत वॉल्टर कॅनन आणि मर्फी यांनी 1906 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न दिलं आणि ते कुठवर गेलं हे क्ष-किरणांनी पाहिलं. भूल देणं, आतडं हवेत उघडं ठेवणं, गार पडू देणं यांपेक्षा कितीतरी जास्त परिणाम बोटांनी आतडं चाचपण्याचा झाला, अगदी हळुवार चाचपलं तरीही. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशननंतर माणूस लवकर सावरतो याचं मोठं कारण हेच आहे. बाहेरची चीर छोटी असते, आणि आतली हाताळणीही कमी होते.

सगळी नळी एकदम थांबत नाही आणि एकदम सुरूही होत नाही. लहान आतडं काही तासांत, फार तर दिवसभरात चालू लागतं. जठराला एक ते दोन दिवस लागतात. मोठं आतडं सर्वांत आळशी. त्याला दोन-तीन दिवस, मोठ्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त. म्हणून दुसऱ्या दिवशी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकू आले, तरी त्यावरून मोठ्या आतड्याचं काही कळत नाही. आवाज लहान आतड्याचे असू शकतात. उलट, आवाज नाहीत म्हणून पाणीही बंद ठेवण्याला अर्थ नाही. वारा सरणं ही त्याहून चांगली खूण, पण तीही अर्धीच. खाल्लेलं घट्ट अन्न पोटात टिकतं आहे आणि शौचाला झालं आहे, या दोन गोष्टी मिळून खरी खात्री देतात.

आतडं लवकर मार्गी लावायचं म्हणजे त्याला मागून ढकलायचं, असं आपल्याला वाटतं. एखादं इंजेक्शन, एखादा जुलाब, एनिमा. ढकलणाऱ्या औषधांनी फार मोठी मजल मारलेली नाही. उलटी थांबवायला आणि पोट रिकामं करायला सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड या कामी आजमावून झालं आणि निरुपयोगी ठरलं. खरा फरक पडला तो आपणच आतड्याच्या वाटेत टाकलेल्या गोष्टी उचलल्यावर.

त्यातली पहिली अफूवर्गातली वेदनाशामकं : मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडिन आणि सौम्य भावंड म्हणून ट्रॅमाडॉल. ही औषधं मेंदूत ज्या जागी चिकटतात तशाच जागा आतड्याच्या मज्जातंतूंवरही असतात. तिथे ती चिकटली की पुढे ढकलणारी लय मोडते, आतडं जागच्या जागी आवळत राहतं, पाझर घटतो, पाणी जास्त शोषलं जातं आणि मळ कोरडा पडतो. म्हणून वेदना सोसायची का? अजिबात नाही. वेदनाही आतडं थांबवतेच, शिवाय माणूस खोल श्वास घेत नाही आणि उठत नाही. उपाय असा की, मुख्य भार पॅरासिटामॉलवर टाकायचा, आणि ते दुखेल तेव्हा न देता घड्याळ लावून नियमित द्यायचं. त्याला मूत्रपिंडाची स्थिती आणि आतड्याचा जोड (कापलेली टोकं शिवलेली जागा) पाहून सर्जन ठरवतील ते सूज कमी करणारं औषध जोडायचं, पोटाच्या भिंतीत बधिरतेचं इंजेक्शन द्यायचं आणि अफूवर्गातलं औषध उरलेल्या दुखण्यापुरतं ठेवायचं. मोठी चीर असेल तर छातीच्या पातळीवर पाठीत बसवलेल्या एपिड्युरल नळीचा दुहेरी फायदा होतो. वेदना थांबते आणि मणक्यातून येणारा तो ‘थांब’चा निरोपही अडतो. अमेरिकेत 2008 मध्ये अल्विमोपॅन नावाचं औषध मान्य झालं. ते अफूवर्गातल्या औषधांना आतड्यातल्या जागा मिळू देत नाही, मेंदूतल्या मात्र मोकळ्या ठेवते. कल्पना सुरेख आहे, पण मुळात ही औषधंच कमी लागली तर त्याची गरजही कमी होते.

दुसरी गोष्ट सलाईन. आपल्याकडे बाटली चढते आहे म्हणजे उपचार चालू आहेत, अशी ठाम समजूत आहे. बाटली काढली की नातेवाईक अस्वस्थ होतात. पण नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. ऑपरेशननंतरच्या दिवसांत शरीर मीठ-पाणी आधीच धरून ठेवत असतं. जास्तीचं पाणी पायांवर सूज म्हणून दिसतं, तसंच ते आतड्याच्या भिंतीतही मुरतं. सुजलेला स्नायू नीट आवळत नाही. दिलीप लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर वीस रुग्णांवर केलेली एक चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या प्रमाणात सलाईन मिळालेल्यांचं जठर रिकामं व्हायला, हात राखून सलाईन दिलेल्यांच्या दुपटीहून जास्त वेळ लागला, आणि वारा सरायलाही उशीर झाला. वीस माणसांची चाचणी लहानच म्हणायची, पण तिने सर्जनना बाटल्या मोजायला लावलं. कमी पाणीही वाईटच. लघवी, रक्तदाब आणि वजन बघून तोल सांभाळायचा असतो. रक्तातलं पोटॅशियम याच वेळी तपासतात, कारण ते घसरलं की आतड्याचा स्नायू लुळा पडतो. तोंडाने पाणी सुरू झालं की सुई निघाली पाहिजे, हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

तिसरी, नाकातली नळी. आपल्या वॉर्डात तिला राइल्स ट्यूब म्हणतात. अमेरिकन सर्जन ओवेन वॅन्गनस्टीन यांनी 1930 च्या दशकात अशा नळीला सक्शन लावून आतडं अडलेल्या पुष्कळांचे प्राण वाचवले. त्या यशानंतर पोट उघडलेल्या प्रत्येकाच्या नाकात, गरज असो वा नसो, ती जाऊ लागली. नंतर हजारो रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर सरसकट नळी घातलेल्यांचं आतडं उशिरा चालू झालं आणि फुप्फुसांचे त्रासही वाढले. आज ती वारंवार उलट्या होणाऱ्याला आणि फुगलेल्या पोटाला आराम द्यायला घालतात. तिथे तिला पर्याय नाही. भूल उतरल्यावर नाकात नळी दिसली तर ‘ही कशासाठी आणि कधी निघेल?’ असं विचारावं. उत्तर असतं, आणि ते द्यायला डॉक्टर कचरत नाहीत.

चौथी गोष्ट उपवास. पिढ्यान्‌पिढ्या तर्क असा होता की, आतड्याचा जोड ताजा आहे, त्यावरून अन्न नेऊ नये. पण अन्न गेलं नाही तरी त्या जोडावरून लिटरवारी रस वाहतच असतात, हे वर आलंच आहे. डेन्मार्कमध्ये सर्जन हेन्रिक केलेट यांनी या सगळ्याची एकत्र मांडणी केली. 1995 मध्ये त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या मोजक्या वयस्क रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एपिड्युरल, लगेच खाणं, लगेच उठवणं, आणि दोन दिवसांत घरी. त्या काळात अशा ऑपरेशनला आठवडा-दहा दिवसांचा मुक्काम ठरलेला असे, त्यामुळे अनेकांच्या भुवया उंचावल्या. पुढे 2001 पासून युरोपातल्या काही सर्जननी याच विचारावर ‘इरास’ नावाची कार्यपद्धती उभारली. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतही हे नाव आता रुळलं आहे. त्यात ऑपरेशनआधीचा उपवासही आखूड आहे : घट्ट अन्न सहा तास आधीपर्यंत, नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ ही सरसकट सूचना शास्त्राने मागे टाकली आहे. अर्थात मधुमेहाने जठर मंदावलेल्यांसारखे अपवाद आहेत, म्हणून वेळ भूलतज्ज्ञांनीच सांगायची.

लवकर खाण्यामागे आणखी एक कारण आहे. सकाळचा चहा पोटात गेला की अनेकांना संडासला जावंसं वाटतं. जठरात काही पोचलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. ही नैसर्गिक सोय उपवासात वाया जाते. म्हणून गुंतागुंत नसेल तर त्याच संध्याकाळी पाण्याचे घोट, दुसऱ्या दिवशी पातळ पदार्थ आणि सोसलं तर मऊ जेवण, असा आज अनेक ठिकाणचा क्रम आहे. सिझेरियननंतरही काही तासांतच खाणं सुरू करता येतं. आपल्याकडे यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही : भाताची पेज, वरणाचं पाणी, मुगाची सैल खिचडी, ताजं ताक. शहाळ्याचं पाणीही चालतं, मात्र त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाने आधी विचारावं. ‘भाताने टाके चिघळतात’ हा समज बाजूला ठेवायला हरकत नाही. घोट घोट, थोडं थोडं आणि भूक सांगेल तेवढंच. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अजून एक चमचा’ म्हणू लागला तर मात्र उलटी ठरलेली.

पचनाला फसवण्याची एक युक्तीही आहे. 2002 मध्ये जपानमधल्या सर्जननी मोठ्या आतड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या एकोणीस रुग्णांपैकी काहींना रोज तीन वेळा च्युइंगम चघळायला दिलं. त्यांचा वारा सरासरी 2.1 दिवसांनी सरला, बाकीच्यांचा 3.2 दिवसांनी. चघळल्याने मेंदूला जेवण चालू आहे असं वाटतं आणि तो पचनाचे इशारे पाठवतो. पोटात मात्र काहीच जात नाही. यावर पुढे इतक्या चाचण्या झाल्या की 2015 च्या एका आढाव्यात 81 चाचण्या आणि 9,000 हून जास्त रुग्ण होते. निष्कर्ष बेताचाच : थोडा फायदा होतो, सिझेरियननंतर बऱ्यापैकी दिसतो, आणि रुग्ण लगेच जेवू लागला असेल तर फारसा उरत नाही. माझ्या मते इतकं स्वस्त आणि निरुपद्रवी साधन वापरायला हरकत नसावी. पण पूर्ण शुद्धीत नसलेल्याला, गिळायला त्रास असणाऱ्याला किंवा सैल कवळी असणाऱ्या आजीला ते देऊ नये. बिनसाखरेच्या च्युइंगममधल्या सॉर्बिटॉलने पोट थोडं सैल होतं, हा वरचा नफा. आणि तोंड चालू ठेवायचं म्हणून तंबाखूची चिमूट? नाही.

कॉफीचीही परीक्षा झाली आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर 80 रुग्णांपैकी निम्म्यांना दिवसातून तीनदा छोटा कप कॉफी आणि निम्म्यांना पाणी दिलं. 2012 मध्ये त्याचा निकाल आला. कॉफीवाल्यांना पहिलं शौच साधारण 60 तासांनी झालं, पाणीवाल्यांना 74 तासांनी. चहाच्या घरात कॉफी आणायला ही एक सबब पुरेल.

आता चालण्याबद्दल. ‘चाला, म्हणजे गॅस सुटेल’ हे प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. पण 1990 मध्ये अमेरिकेत जठर आणि आतड्यांवर बारीक विद्युततारा बसवून मोजमाप केलं, तेव्हा लवकर चालवलेल्यांच्या आणि उशिरा उठवलेल्यांच्या आतड्याच्या हालचालीत फरक आढळला नाही. तरीही चालावं. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, फुप्फुसाचा तळ उघडतो, स्नायूंची ताकद टिकते, झोप लागते. आतड्यासाठी म्हणून चालायला लावलेला रुग्ण वारा सरला नाही की स्वतःला दोष देतो, त्याची गरज नाही. उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि मग हाताच्या आधाराने बसावं. खोकताना उशी टाक्यांवर धरली की पुष्कळ सोसवतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नये. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती आणि पोटामधल्या पडद्याला झालेला तो त्रास आहे. आतड्यातल्या गॅसशी त्याचा संबंध नसतो, आणि तो दोन-तीन दिवसांत जातो.

हे सगळं नीट करूनही काहींचं आतडं रेंगाळतंच. चौथा-पाचवा दिवस उजाडला तरी वारा नाही, पोट ताठ, हिरवट उलट्या, अशी स्थिती असेल तर डॉक्टर कारण शोधू लागतात : आतड्याचा जोड गळतोय का, पोटात पू साठलाय का, कुठे पीळ किंवा चिकटण पडून खरोखरच अडलंय का. अशा वेळी सी.टी. स्कॅन होतो. जवळ बसणाऱ्याने विशेष ध्यान ठेवावं ते सुधारत असलेला रुग्ण मागे फिरतो तेव्हा. काल जेवत होता, आज नकोसं म्हणतो, नाडी जोरात आहे, ताप चढलाय, कमी झालेलं दुखणं वाढलंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवून सांगावं. कळा येऊन जाणं, पोट मुरडणं आणि वारा पूर्ण बंद होणं हेही तसंच. घरी गेल्यावर यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

घरी आल्यावर उरतो तो बद्धकोष्ठ. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या चालू असतात, रक्त वाढवायच्या लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट आणि काळा होतो, आणि टाक्यांच्या भीतीने माणूस जोर करत नाही. जोर करूही नये. मळ मऊ ठेवायला लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची भुकटी डॉक्टर लिहून देतात. इसबगोल चांगलं, पण त्याला भरपूर पाणी लागतं आणि चालतं आतडं लागतं. पोट अजून फुगलेलं असेल तर ते आत गोळा होऊन बसतं, म्हणून सुरुवातीला नको. घराघरांतलं एरंडेलही बाटलीतच राहू द्यावं. ताज्या जोडावर आकस्मिक जोर नको असतो. गुदाशयाचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय एनिमा किंवा गुदमार्गाची गोळी घेऊ नये. पहिले काही आठवडे भारतीय संडासात उकिडवं बसणं जड जातं. कमोडवर बसून पायांखाली छोटा पाट ठेवला की बसण्याची ढब बरीचशी तीच मिळते.

काहींचं उलटंच होतं. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला असेल तर पाणी शोषायची जागा कमी होते, आणि लहान आतड्याचा शेवटचा तुकडाही गेला असेल तर पित्तातली आम्लं पुढे उतरून जुलाब लावतात. पित्ताशय काढलेल्या काही जणांनाही तेलकट खाल्ल्यावर काही आठवडे घाईने जावं लागतं. गुदाशय काढला असेल तर दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं होणं महिनोन्‌महिने चालू शकतं. टाके काढायला जाल तेव्हा दिवसाला किती वेळा, घट्ट की पातळ, रात्री उठावं लागतं का, एवढं कागदावर लिहून न्यावं. औषध बदलायचं की नुसतं जेवण, ते त्यावरून ठरवता येतं.